देश सरला, चेहरा उरला

साराजेव्होतल्या एका चौकात प्रेतं मांडून ठेवली आहेत. जर्मनांनी सापळा लावून मारलेली ही तरुण मुलंमुली. घोषणा होते की नातेवाइकांनी पुढं यावं आणि आपापलं माणूस घेऊन जावं. समोर मशीनगनी रोखलेल्या आहेत, त्यामुळं पुढं येणाऱ्याचं काय होणार हे साऱ्या चौकाला ठाऊक आहे. तरी एक वयस्क घड्याळजी गर्दीतून निघतो. पडलेल्यांत त्याची मुलगी आहे. तो एकटा चालत राहतो, आणि तेवढ्यात आडव्या बांध्याचा एक माणूस त्याच्या मागं चालू लागतो. चेहऱ्यावर आवेश नाही, त्वेष नाही. त्याच्यापाठोपाठ आणखी कोणी निघतं, मग सगळा चौकच निघतो. जर्मन अधिकाऱ्याला गोळी झाडायचा हुकूम देववत नाही.

हा प्रसंग 1972 सालच्या ‘वॉल्टर ब्रानी साराजेव्हो’ या चित्रपटातला. म्हणजे ‘वॉल्टर साराजेव्होचं रक्षण करतो’. तो आडव्या बांध्याचा माणूस वेलिमिर झिवोयिनोविच. घरी त्याला लाडानं ‘बाता’ म्हणत आणि पुढं सगळा युगोस्लाव्हिया त्याच नावानं त्याला ओळखू लागला. 5 जून 1933 ला तो जन्मला आणि 22 मे 2016 ला बेलग्रेडमध्ये गेला. दरम्यान त्यानं चित्रपट आणि दूरचित्रवाणी मिळून तीनशेहून अधिक भूमिका केल्या. ज्या देशानं त्याला घडवलं तो देश त्याच्या डोळ्यांदेखत फुटला, आणि त्या फुटण्यात तो स्वतः एका बाजूला उभा राहिला. या पुस्तकाचा विषय हा माणूस आहे.

मराठी वाचकाला पूर्व युरोपचा चित्रपट अनोळखी नाही. फिल्म सोसायट्यांच्या चळवळीनं इथल्या दोन पिढ्यांना पोलंडचा वायदा, हंगेरीचा यान्चो, चेकोस्लोव्हाकियाचा मेन्झेल दाखवले, त्यांच्यावर तावातावानं बोलायला शिकवलं. युगोस्लाव्हिया मात्र आपल्याकडं आला तो बहुधा बातम्यांतून. नेहरू, नासर आणि टिटो, 1961 ची बेलग्रेडची अलिप्त राष्ट्रांची परिषद, आणि मग एकदम नव्वदच्या दशकातलं यादवी युद्ध. मधल्या तीस वर्षांत तिथं युरोपातल्या फार जिवंत चित्रपट परंपरांपैकी एक फुलली होती, ही गोष्ट आपल्याकडून निसटली. शिवाय आपण जे काही पाहिलं ते दिग्दर्शकांच्या नावानं पाहिलं. नटांकडं आपलं लक्ष गेलं नाही. युगोस्लाव्ह चित्रपट समजून घ्यायचा तर नटाच्या वाटेनं आत शिरावं, असं माझं ठाम मत आहे. दिग्दर्शक आपापल्या छावण्यांत वाटले गेले होते. बातासारखे नट या छावणीतून त्या छावणीत सहज ये-जा करत होते.

थोडं मागं जाऊ. सर्बियातला पहिला कथापट ‘कारादयोर्दये’ 1911 चा. तो कायमचा हरवला असं धरून चाललं होतं, आणि 2003 मध्ये त्याची प्रत व्हिएन्नात सापडली. पण उद्योग म्हणावा असा चित्रपट उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. 1946 मध्ये बेलग्रेडला अवाला फिल्म ही संस्था निघाली, पाठोपाठ झाग्रेबला यादरान फिल्म आणि इतर प्रजासत्ताकांच्या संस्था आल्या. नव्या युगोस्लाव्हियाचा पहिला कथापट ‘स्लाविका’ 1947 चा, आणि तोही पार्टिझानांच्या, म्हणजे टिटोच्या गनिमी फौजेच्या, लढ्यावरचा. 1948 मध्ये टिटो आणि स्टालिन यांचं फाटलं. त्याचा राजकारणाइतकाच परिणाम चित्रपटावर झाला. मॉस्कोच्या नमुन्याची सक्ती सरली, पश्चिमेकडचे चित्रपट थिएटरांत आले, जर्मन आणि इटालियन निर्माते चित्रीकरणासाठी येऊ लागले. 1954 पासून पुला या शहरातल्या रोमन अँफिथिएटरमध्ये, उघड्या आकाशाखाली, राष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरू लागला. तिथं मिळणारा ‘सुवर्ण अरेना’ हा नटाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान.

अभिनयाच्याही तिथं निरनिराळ्या परंपरा होत्या आणि त्या बहुतेक रंगभूमीवरून आल्या. बेलग्रेडचं राष्ट्रीय नाट्यगृह एकोणिसाव्या शतकातलं. तिथं वाणीला मोठा मान, ठसठशीत उच्चार, भव्य पवित्रा. युद्धानंतर उभ्या राहिलेल्या युगोस्लाव्ह ड्रामा थिएटरनं एकट्या नटाच्या चमकण्यापेक्षा सगळ्या संचाच्या एकजिवाला महत्त्व दिलं. 1956 मध्ये सुरू झालेल्या ‘अतेल्ये 212’ या छोट्या नाट्यगृहानं बेकेट आणला, इयोनेस्को आणला, नटाला चावट, उच्छृंखल, उत्स्फूर्त व्हायची मोकळीक दिली. झोरान राद्मिलोविचसारखा नट तिथंच बहरला. या तिन्हींपासून जरा दूर राहिलेली चौथी तऱ्हा कॅमेऱ्यासमोरच जन्मली. पावले वुयिसिच हा तिचा थोरला पुरुष. जडशीळ देहाचा, कंटाळल्यासारखा दिसणारा हा माणूस अभिनय करतोय असं कधी वाटतच नसे. बाता याच घराण्यातला. त्यानं रीतसर नाट्यशिक्षण घेतलं, रंगमंचावर कामही केलं, पण त्याचं खरं घर कॅमेऱ्यासमोर होतं.

बाताचा जन्म कोस्माय डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कोराचित्सा या खेड्यातला. वाढला तो बेलग्रेडच्या त्सर्वेनी क्रस्त भागात, कष्टकऱ्यांच्या वस्तीत. 6 एप्रिल 1941 ला जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बॉम्ब टाकले तेव्हा तो सात वर्षांचा होता. शहर मुक्त झालं तेव्हा अकरा. पुढं आयुष्यभर ज्या युद्धाचा नायक म्हणून तो पडद्यावर वावरला, त्यात लढायचं त्याचं वय नव्हतं. त्यानं ते पोराच्या नजरेतून पाहिलं होतं. त्याच्या युद्धपटांतल्या वावरण्यात जो एक सावध, निरखणारा भाव सतत जाणवतो त्याचं मूळ मी तिथं शोधतो. नाटकात तो पडद्यामागची पडेल ती कामं करत आला. 1955 मध्ये ‘पेस्मा सा कुंबारे’ या चित्रपटात पहिली संधी मिळाली, आणि त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं काम थांबलं नाही.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला दोन प्रवाह स्पष्ट दिसू लागतात आणि या पुस्तकाचा बराचसा भाग त्यांच्या दरम्यान फिरतो. पहिला पार्टिझानपट. वेल्यको बुलायिचच्या ‘कोझारा’मध्ये (1962) बाता होता. त्याच दिग्दर्शकाच्या ‘नेरेत्वाची लढाई’मध्येही (1969) होता. तिथं त्याच्याबरोबर ऑर्सन वेल्स, युल ब्रिनर, फ्रँको नीरो, सर्गेई बोंदारचुक अशी जगभरची मंडळी होती, एका पोस्टरसाठी पिकासोनं चित्र काढलं होतं, सैन्याचे हजारो जवान चित्रीकरणाला दिले गेले होते. खराखुरा पूल उडवला गेला, आणि याब्लानित्सा गावाजवळ नदीत कोसळलेला पूल लोक आजही पाहायला जातात. एवढ्या पसाऱ्यात नट हरवून जायचा. बाता हरवत नाही. तो धावतो, पडतो, उठतो, आणि मोठमोठ्या नावांच्या गर्दीत प्रेक्षकाची नजर त्यालाच शोधत राहते, कारण तोच एकटा तिथल्या मातीतून उगवल्यासारखा दिसतो.

दुसऱ्या प्रवाहाला त्याच्या विरोधकांनी नाव दिलं: काळी लाट. अलेक्सांदार पेत्रोविच, झिवोयिन पाव्लोविच, दुशान माकावेयेव, झेलिमिर झिल्निक ही त्यातली मुख्य मंडळी. समाजवादी देशातली दारिद्र्याची वस्ती, बेकार, भटके, क्रांतीनंतरची क्रूरता हे सगळं त्यांनी पडद्यावर आणलं. 1969 मध्ये ‘बोर्बा’ या पक्षाच्या दैनिकात त्यांच्यावर मोठा हल्ला झाला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गळचेपी वाढली. पेत्रोविचला अकादमीतली नोकरी गमवावी लागली, माकावेयेव परदेशी गेला, आणि लाझार स्तोयानोविच या तरुण दिग्दर्शकाला तर आपल्या चित्रपटापायी तुरुंगात जावं लागलं.

राज्याला हवे असलेले भव्य युद्धपट आणि राज्याला खुपणारे हे चित्रपट, दोन्हींत बाताचा चेहरा आहे. याकडं टीकाकार व्यावसायिक नटाची अपरिहार्यता म्हणून पाहत आले. मला त्यात अधिक काही दिसतं. पार्टिझानपटातला बाता आपल्याला पटतो, कारण या चेहऱ्याला पराभव आणि लाज ठाऊक आहे याचा पुरावा तो दुसरीकडं देऊन आलेला असतो.

तो पुरावा पाहायचा तर पेत्रोविचचा ‘त्री’ (1965) पाहावा. अंतोनिये इसाकोविचच्या कथांवरचा हा चित्रपट. युद्धाची सुरुवात, मध्य आणि शेवट, तीन कथा, आणि तिन्हींत मिलोश नावाचा एकच माणूस. पहिल्या कथेत रेल्वे स्टेशनवर घाबरलेल्या गर्दीत एका परक्या माणसाविषयी संशय उठतो. तो हेर असेल, त्याची बोलण्याची ढब वेगळी आहे, त्याच्याकडं कागद नाहीत. त्याला गोळी घातली जाते. थोड्या वेळानं त्याची बायको तिथं पोचते. दुसऱ्या कथेत मिलोश स्वतःच शिकार आहे. जर्मन त्याचा पाठलाग करताहेत, आणि वाटेत भेटलेला दुसरा पार्टिझान त्याच्याऐवजी मरतो. तिसऱ्या कथेत युद्ध संपलंय, मिलोश विजयी फौजेतला अधिकारी आहे. अंगणात पकडून आणलेले लोक आहेत आणि त्यांत एक तरुण मुलगी आहे. ती गेस्टापोला मिळालेली होती, तिला गोळी घालायची आहे. मिलोश खिडकीतून तिच्याकडं पाहतो. ती त्याच्याकडं पाहते. या तिसऱ्या कथेत बाता जवळजवळ काहीच करत नाही. जबडा किंचित आवळलेला, नजर एकदा वळते आणि परत त्याच जागी येते. पहिल्या कथेत तो असहाय होता म्हणून गप्प होता. आता त्याच्या अंगावर अधिकाऱ्याचा गणवेश आहे, तरीही तो गप्प आहे. दोन्ही गप्प राहण्यांतला फरक त्यानं एका शब्दाशिवाय दाखवला आहे. मला विचाराल तर युरोपीय चित्रपटातल्या अभिनयाचा हा एक अत्युच्च क्षण आहे. कार्लोव्ही व्हारीला ‘त्री’ला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, ऑस्करसाठी नामांकन मिळालं, पण जगभरच्या अभिनयाच्या चर्चेत बाताचं नाव अजूनही क्वचितच येतं.

पुढच्या दोन वर्षांत त्यानं आणखी दोन थोर कामं केली. पेत्रोविचच्याच ‘स्कुप्ल्याची पेर्या’त (1967) तो मिर्ता आहे, व्होइवोदिनाच्या सपाट मुलखात बदकाहंसांची पिसं विकत घेणारा रोमा व्यापारी. बेकिम फेहमिऊच्या बोराशी त्याचं वैर आहे, आणि त्या वैराचा शेवट पिसांच्या ढिगात होतो. या चित्रपटाला कान महोत्सवात ज्यूरींचा विशेष ग्रांप्री मिळाला. त्याच वर्षी क्रोएशियात अँते बाबायाच्या ‘ब्रेझा’त त्यानं मार्को हा रानरक्षक केला. धिप्पाड, गावचा लाडका, लग्नाच्या वरातीत निशाण नाचवणारा हा माणूस, आणि घरी त्याची नाजूक बायको त्याच्याच बेपर्वाईनं मरतेय. त्याच्यातल्या मर्दपणावर भाळणाऱ्या प्रेक्षकाला त्या मर्दपणाची किंमत कोणी मोजली हे बाता दाखवून देतो.

या सगळ्यानंतर आला वॉल्टर. हायरुदिन क्रवावाच हा साराजेव्होचा दिग्दर्शक. त्याला वेग हवा, चकवे हवेत, आगगाड्या हव्यात, आणि नायक थोडक्यात बोलणारा हवा. त्यानं बाताला घेऊन आधी ‘मोस्त’ (1969) केला होता, तारा नदीवरचा पूल उडवण्याची कथा. ‘वॉल्टर’ला आधार होता खऱ्या माणसाचा. व्लादिमिर पेरिच, टोपणनाव वॉल्टर, साराजेव्होतल्या भूमिगत लढ्याचा नेता. शहर मुक्त होत असताना, 6 एप्रिल 1945 ला, तो मारला गेला. चित्रपटात मात्र वॉल्टर मरत नाही. शेवटी हरलेला जर्मन अधिकारी टेकडीवरून खाली पसरलेल्या शहराकडं बोट दाखवतो आणि सांगतो की वॉल्टर कोण ते आता कळलं, हे शहरच वॉल्टर आहे.

हा चित्रपट चीनमध्ये गेला आणि जे घडलं ते चित्रपटाच्या इतिहासात विरळा. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात चिनी प्रेक्षकाला परदेशी चित्रपट जवळजवळ मिळत नव्हते. 1977 मध्ये ‘वॉल्टर’ सगळीकडं लागला तेव्हा त्या उपाशी प्रेक्षकानं तो अक्षरशः पाठ केला. थिएटरांत, कारखान्यांत, मैदानांत तो पुन्हापुन्हा दाखवला गेला. बाता चीनला गेला तेव्हा रस्त्यावर लोक उसळले. वॉल्टर नावाची बिअरही तिथं निघाली. ‘मोस्त’मधून ‘बेला चाव’ हे गाणं एका सबंध चिनी पिढीच्या तोंडी बसलं. 2016 च्या जूनमध्ये शी जिनपिंग सर्बियाला आले, तेव्हा बेलग्रेडच्या ‘पोलितिका’ दैनिकातल्या आपल्या लेखात त्यांनी या दोन्ही चित्रपटांची आठवण काढली. बाताला जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

इथवरची गोष्ट सांगायला सोपी आहे. पुढची सांगताना कोणाचीही तरफदारी न करता सगळं समोर मांडायला लागतं, आणि या पुस्तकात तेच करायचा प्रयत्न आहे.

1990 मध्ये बहुपक्षीय निवडणुका आल्या. बाता सर्बियाचा सत्ताधीश मिलोशेविच याच्या समाजवादी पक्षाचा झाला, सर्बियाच्या संसदेत बसला. 1991 मध्ये युद्ध पेटलं. क्रोएशियातल्या स्प्लिटचा बोरिस द्वोर्निक हा त्याचा वर्षानुवर्षांचा मित्र, पडद्यावरचा जोडीदार. दोघांनी एकमेकांना वर्तमानपत्रांतून उघड पत्रं लिहिली, आणि दोन नटांच्या भांडणात सबंध देशाला आपलं घर तुटताना दिसलं. पुढं कित्येक वर्षांनी दोघांनी समेट केला. 1992 च्या एप्रिलमध्ये साराजेव्होत हजारो लोक शांततेसाठी रस्त्यावर उतरले आणि ‘आम्ही वॉल्टर’ अशा घोषणा देऊ लागले. बोस्नियन सर्ब फौजांनी शहराला वेढा घातला, तो जवळपास चार वर्षं चालला. त्या फौजांना बेलग्रेडचं पाठबळ होतं. दिग्दर्शक क्रवावाच वेढ्यातल्या साराजेव्होत 1992 च्या जुलैमध्ये वारला. आणि पडद्यावरचा वॉल्टर त्या वेळी बेलग्रेडमध्ये सत्ताधारी पक्षात होता. साराजेव्होच्या कित्येकांनी ही गोष्ट त्याला कधीच माफ केली नाही, आणि त्यांना तसा अधिकार आहे असं मला वाटतं. 2002 मध्ये तो सर्बियाच्या अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार म्हणून उभा राहिला. युद्धगुन्ह्यांच्या खटल्यापायी हेगच्या तुरुंगात असलेल्या खुद्द मिलोशेविचनं मात्र शेशेल या दुसऱ्याच उमेदवाराला पाठिंबा दिला. बाताला मतं पडली जेमतेम तीन टक्के. ज्याला पाहायला देश थिएटरांत लोटत असे त्याला मत द्यायला कोणी आलं नाही.

त्याआधी, नव्वदच्या दशकातच, त्यानं आपल्या उत्तरायुष्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम केलं. सर्जान द्रागोयेविचच्या ‘लेपा सेला लेपो गोरे’त (1996) बोस्नियातल्या एका बोगद्यात सर्ब सैनिकांची तुकडी अडकली आहे. बोगद्याचं नाव बंधुता आणि एकता, टिटोच्या देशाचं ब्रीद. त्या तुकडीत बाता ग्वोझ्देन हा जुन्या सैन्यातला अधिकारी आहे. ज्या देशाची त्यानं शपथ घेतली तो आता नाही, आणि तरी गणवेशाची शिस्त अंगातून जात नाही. शेवटी तो ट्रक घेऊन बोगद्याबाहेर, मरणाकडं निघतो. या भूमिकेला दुसरा नट घेतला असता तर ती एका म्हाताऱ्या कॅप्टनची गोष्ट झाली असती. बाताच्या चेहऱ्याबरोबर ‘कोझारा’, ‘नेरेत्वा’, ‘वॉल्टर’ सगळे त्या बोगद्यात शिरतात. चित्रपटावर सर्बांची बाजू घेतल्याचा आरोप झाला, तो सगळाच फेटाळता येत नाही. पण ग्वोझ्देनच्या डोळ्यांत जो हिशेब चुकल्याचा भाव आहे तो कुठल्याच बाजूचा नाही.

मग बाता कोणाचा? ‘स्कुप्ल्याची पेर्या’ बेलग्रेडच्या अवाला फिल्मचा, ‘ब्रेझा’ झाग्रेबच्या यादरान फिल्मचा, ‘वॉल्टर’ साराजेव्होच्या बोस्ना फिल्मचा. आज ही तीन शहरं तीन देशांच्या राजधान्या आहेत, आणि प्रत्येक देश आपल्या चित्रपटाचा इतिहास वेगळा लिहितोय. साराजेव्होत 2019 मध्ये ‘वॉल्टर’ला वाहिलेलं संग्रहालय सुरू झालं. बाताला बेलग्रेडच्या नव्या दफनभूमीत, थोरामोठ्यांसाठी राखलेल्या भागात पुरलं आहे. तो सर्बियाचा नट होताच. पण त्याची उत्तम कामं एका देशाच्या हद्दीत कोंबून बसवायला गेलं की त्यातलं निम्मं कळेनासं होतं.

आपल्या वाचकानं हे आत्ताच का वाचावं? आपल्याकडं युद्धपटांचा आणि देशप्रेमाच्या चित्रपटांचा ओघ वाढतो आहे, नट निवडणुकांना उभे राहताहेत, पडद्यावरच्या शौर्याचा हिशेब पडद्याबाहेर मागितला जातो आहे. राज्याच्या पैशानं आणि राज्याच्या सैन्यासह काढलेल्या चित्रपटात एखादा नट खरं काम करू शकतो का? पुढं तोच नट सत्तेच्या बाजूला बसला तर त्याचं जुनं काम आपण कसं पाहायचं? या प्रश्नांवर आपल्याकडं एकतर टाळ्या पडतात किंवा शिव्या. बाताच्या आयुष्यात हे प्रश्न अर्धं शतक, सगळ्या गुंत्यासह, उलगडत गेलेले दिसतात.

हे पुस्तक चरित्र आहे, पण त्याच्या घरच्या गोष्टींत ते फारसं शिरत नाही. वीसेक भूमिका निवडून त्या प्रसंगाप्रसंगानं पाहायच्या, त्या चित्रपटामागची संस्था, पैसा, सेन्सॉर आणि राजकारण सांगायचं, आणि त्यातून माणूस उभा करायचा, ही इथली रीत आहे. वुयिसिच, ल्युबिशा समार्जिच, मिलेना द्राविच, फेहमिऊ, द्वोर्निक हे सहकलाकारही जागोजागी सविस्तर येतात, कारण बाताचं निम्मं काम समोरच्याचं ऐकण्यात आहे आणि समोरचा कोण हे कळल्याशिवाय ते दिसत नाही. सेकुलासारख्या हलक्याफुलक्या विनोदी भूमिकांवर एकच छोटं प्रकरण आहे. सर्बियात त्या अजून लोकप्रिय आहेत, पण त्यांनी त्याच्या कलेत फार भर घातली असं मला वाटत नाही.

वाचण्याआधी एकच विनंती. ‘वॉल्टर’पासून सुरुवात करायचा मोह होईल, तो आवरा. आधी ‘त्री’ पाहा, जमलं तर दोनदा, आणि दुसऱ्या वेळी आवाज बंद करून फक्त मिलोशकडं पाहा. मग चौकातल्या त्या प्रसंगात घड्याळजीच्या मागून निघालेला माणूस कुठून चालत आला आहे ते ध्यानात येईल, आणि पहिलं प्रकरण तिथूनच सुरू होतं.